पन्नास पानांचं लग्न

आमच्या तरुणपणी दंड कशाकशाला व्हायचा हे सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. कशाला होत नव्हता ते सांगणं सोपं. श्वास घ्यायला होत नव्हता. शिंकायला होत नव्हता, पण तेही चावडीपासून लांब जाऊन शिंकलं तर.

लढाई संपली होती, पण तिच्या पाठोपाठ आलेला कंट्रोल काही संपला नव्हता. साखर कंट्रोलची, कापड कंट्रोलचं, रॉकेल कंट्रोलचं. जिथं कंट्रोल तिथं नियम, आणि जिथं नियम तिथं दंड. मी दुसरी शिकलेला माणूस. दुसरीच्याही परीक्षेला गेलो नाही, कारण त्याच दिवशी आमची म्हैस व्यायली आणि मला परीक्षेपेक्षा म्हैस मोठी वाटली. आजही वाटते. पण एवढं मला तेव्हाही कळत होतं की रात्रीच्या बैलगाडीला कंदील नसला तर दंड, आणि कंदिलात घालायला रॉकेल जास्तीचं साठवलं तरी दंड, तर ह्यात माणसानं करायचं काय? आमच्या गावच्या एका गाडीवानानं त्यावर इलाज काढला. ओढ्याकाठचे काजवे धरून कंदिलात भरले आणि निघाला ऐटीत. साहेबानं गाडी अडवली. कंदील नाकाजवळ धरून बघितला आणि म्हणाला, "उजेड आहे. पण हलतो आहे."

"सायेब, गाडी हालती, बैल हालत्यात, मी हालतो. एकट्या उजेडानंच काय म्हून दम धरायचा?"

दंड झालाच. उलट बोलल्याचा वेगळा.

हा साहेब म्हणजे धान्यपुरवठ्याचा इन्स्पेक्टर. आम्ही त्याला कंट्रोलसाहेब म्हणायचो. माणूस वयानं माझ्याहून थोडाच मोठा, काडीसारखा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि श्रीगोंद्याहून सायकलीवर यायचा. पारनेरकडच्या भटजींच्या घरातला होता. घरात वडील पूजा सांगत, आणि हा आम्हाला नियम सांगे. आवाज मात्र तोच, पोथी वाचल्यासारखा. लाच खात नव्हता. हीच तर पंचाईत होती! खाणारा असता तर एखादी कोंबडी देऊन मोकळे झालो असतो. हा कुणाकडचं पाणीसुद्धा पीत नव्हता. लग्नाच्या अक्षतांना तांदूळ वापरला म्हणून त्यानं एका घरी दंड केला, त्या दिवसापासून आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या झाल्या. सायकलीवर दोघं बसले म्हणून दंड केला. मागचा उतरून पळत सुटला तर त्याच्यामागं सायकल पिटाळून त्याला गाठला आणि दंड केला. माणूस एकदम चोख. त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, पण कौतुक आम्ही बोलून दाखवत नव्हतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो. माझ्या लग्नाची गोष्ट आहे ही.

नवरी मी काष्टीच्या बाजारात बघितली. बघायला म्हणून गेलो नव्हतो, बैलाची वेसण घ्यायला गेलो होतो. तर बाजारात एकीकडं गर्दी. मी खांदे मारत आत शिरलो. मध्यभागी एक हिरव्या लुगड्यातली पोरगी, तिच्या काखेत पाटी, पाटीत कोंबड्या, आणि समोर बाजारपट्टी गोळा करणारा माणूस. पाटीतली एक कोंबडी निसटून बाजाराच्या आखलेल्या दोरीपलीकडं गेली होती. दोरीबाहेर व्यापार करायला मनाई, म्हणून हा दंड मागत होता.

पोरगी म्हणाली, "व्यापार कोनी केला?"

"कोंबडी तुझीच हाय ना?"

"माजीच हाय. पर दोरीच्या पल्याड ती गेली, मी न्हाई. आता तिनं तिकडं काय विकलं ते सांग, मंग दंड घे."

लोक इतके हसले की कोंबडी घाबरून आपली आपण दोरीच्या आत आली. पट्टीवाला तोंड फिरवून निघून गेला. मी वेसण न घेताच घरी आलो. आबांनी विचारलं, "येसन कुटाय?" मी म्हणालो, "आबा, लगीन करायचं." आबा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "बैलाचं का तुजं?"

विचारपूस झाली. घर तोलामोलाचं निघालं, सोयरीक जुळण्यासारखी होती. पण तिच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की लग्न ह्याच माघात झालं पाहिजे. सोनईकडच्या एका पाहुण्यांनीही त्यांच्या दारात दोन चकरा मारल्या होत्या आणि ते वाट बघायला तयार नव्हते. आबा म्हणाले, माघ तर माघ. पानसुपारी झाली. त्या काळी आमच्यात लग्न नवऱ्याच्या दारात लागायचं, म्हणजे गावजेवण आमच्याकडं. मी हवेतच. मोट हाकताना गाणी म्हणायला लागलो. आमचे बैल गाण्याला सरावलेले नव्हते, ते थांबून मागं वळून माझ्याकडं बघायचे.

आणि मग कंट्रोलसाहेब चावडीवर आला आणि त्यानं नवा नियम वाचून दाखवला. लग्नाकार्यात पन्नासच्या वर माणसांना जेवू घालता येणार नाही. एक पान जास्त झालं तरी दंड, शिवाय भांडीकुंडी जप्त, आणि यजमानानं साहेबाबरोबर श्रीगोंद्याला जायचं.

आबा उठून उभे राहिले. म्हणाले, "सायेब, पन्नास तर आमची भावकीच हाय. गाव काय करनार?"

"गावानं आपापल्या घरी जेवावं," साहेब म्हणाला. "त्याला मनाई नाही."

आबा घरी आले ते तांबडेलाल होऊन. त्यांनी आयुष्यभर गावातल्या प्रत्येक लग्नात जेवण केलं होतं, आणि साधं जेवण नाही, पंगतीत पैज लावून केलेलं. आता स्वतःच्या पोराच्या लग्नात गावाला उपाशी ठेवायचं? त्यांनी उंबऱ्यावर हात आपटला आणि जाहीर केलं, "माज्या दारात गाव जेवल्याबिगर अक्षता पडनार न्हाईत. कंट्रोल उठंल तवा लगीन हुईल."

हा निरोप तिकडं गेला. तिकडून उलट निरोप आला, "माघात न्हाई तर न्हाई. सोनईचं पावणं वळखीचं हायेत."

आता बघा माझी अवस्था. इकडं एक हट्टी म्हातारा, तिकडं दुसरा हट्टी म्हातारा, आणि मधे मी, ह्या दोघांहून हट्टी. मला तीच पाहिजे होती. कोंबडीची वकिली करणारी बायको सोनईला जाऊ द्यायची म्हणजे काय चेष्टा आहे?

मी आबांना म्हणालो, निदान पन्नास माणसं निवडून तर बघा. आबांनी निवडायला घेतली आणि गावात भडका उडाला. ज्याला वगळलं तो दारात येऊन उभा. "मी एक्कावन्नावा व्हय रं? तुज्या बापाच्या लग्नात पानी मी वाढलं, आन मी एक्कावन्नावा?" ज्याला घेतलं तो त्याहून तावातावानं आला. "माज्या सख्ख्या भावाला वगळून मी पानावर बसू? माजं नाव काढ." संध्याकाळपर्यंत पन्नासातले सगळे आपली नावं काढून गेले आणि बाहेरचे सगळे आत घाला म्हणून बसले. आबा डोक्याला हात लावून म्हणाले, "ह्यापरीस लढाई सोपी हुती."

तेव्हा मला अक्कल सुचली. ही अक्कल माझी. माझी आत्या मरेपर्यंत म्हणत होती की ती तिला सुचली, पण ती बोलायच्या आधी मी बोललो होतो. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तरणेपणी कपाळ पांढरं झालेलं, पण जीभ चांगली तिखट. आम्ही गावात राहत नव्हतो, शेतातल्या वस्तीवर राहत होतो, आणि वस्तीला लागूनच आत्यानं हौसेनं गूळभेंडी पेरलेली होती. गूळभेंडी म्हणजे हुरड्याची ज्वारी, गोड दाण्याची. बाकीच्या रानाआधी ती दुधात आलेली होती. मी त्या कणसांकडं बघितलं आणि म्हणालो, "आबा, हुरड्याला पान लागतंय का?"

आबांच्या मिशा हलायला लागल्या.

हुरड्याला पान लागत नाही. पंगत लागत नाही. चूल नाही, भांडं नाही, वाढपी नाही. जमिनीत आगटी करायची, गोवऱ्या पेटवायच्या, त्यांच्या आरात हिरवी कणसं खुपसायची. भाजली की चोळणाऱ्यानं गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं, आणि दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. ओंजळ म्हणजे काय पान आहे? साहेबाच्या नियमात ओंजळ कुठंच नव्हती. आणि शेतात आलेल्या माणसाला हुरडा दिला नाही असा माणूस आमच्या भागात जन्मलेला नव्हता. ती काही मेजवानी नव्हे, ती रीत.

ठरलं. मांडवात पन्नास पानं मांडायची, नियमाला मान म्हणून. आणि गावानं दुपारी सहज रानात चक्कर टाकायची. निमंत्रण कुणाला नाही. आबा घरोघर जाऊन सांगून आले, "आमच्याकडं जेवायला येऊ नका बरं का. रानाकडनं आलात तर बघू." तोंड गंभीर, मिशा मात्र हलत होत्या.

मुहूर्त गोरजाचा होता, गाई घरी परतायच्या वेळचा. सकाळपासून मी हळदीत पिवळा. डोक्याला बाशिंग, हातात लिंबू खोचलेली कट्यार, आणि नवरदेवानं मांडवातून हलायचं नाही असा आत्याचा हुकूम. दुपारी नवरीकडच्या गाड्या आल्या. नवरीला मांडवात एका बाजूला आडव्या धरलेल्या धोतराच्या पडद्याआड बसवली. मला तिच्या पायातले पैंजण तेवढे दिसत होते. मी पैंजणच बघत बसलो.

आणि मग गाव आलं. सहज चक्कर टाकायला अख्खं गाव, त्यात शेजारचंही थोडं. म्हातारे काठ्या टेकत आले, बाया लेकरं काखेला मारून आल्या. आत्यानं रानाच्या कडेनं रांगेनं आगट्या पेटवल्या होत्या. धूर असा निघाला की लांबून कुणाला वाटावं, गंजी पेटली. चटचट कणसं भाजायला लागली. ओल्या हुरड्याचा वास, लसणाची चटणी, गुळाचे खडे, भाजलेल्या वांग्याचं भरीत, बोरं, उसाची कांडकी. चोळणाऱ्यांचे तळहात लाल झाले. लोक एका आगटीवरून दुसऱ्या आगटीकडं जात होते. बसायची जागा ठरलेली नाही, मान नाही, अपमान नाही, पहिला कोण अन् एक्कावन्नावा कोण! परवा ज्यांनी आबांच्या दारात शिव्या घातल्या ते एकमेकांच्या तोंडात दाणे कोंबत होते. एका म्हाताऱ्यानं हलगीवाल्याला हुरड्यावर ताल धरायला लावला आणि स्वतः नाचला. मांडवात बसल्या बसल्या माझे पाय नाचत होते.

आणि मांडवात? मांडवात पन्नास पत्रावळी, त्यावर मीठ-लिंबू वाढलेलं, बाजूला भाताचं आणि लापशीचं पातेलं वाफाळतंय, आणि एकही माणूस बसलेला नाही. कारण गाव रानात असताना पानावर बसायची लाज कोण करून घेणार? आबा ज्याला त्याला म्हणत, "बसा की पानावर." तो म्हणे, "तुमी बसा." आबा म्हणत, "म्या घरचा मानूस." असं करत करत पानं वाऱ्यानं उडायला लागली, तेव्हा त्यांवर दगड ठेवले.

अशा वेळी कंट्रोलसाहेब आला.

सायकल बाभळीला टेकवली, विजारीच्या पायाचे चाप काढले, आणि सरळ मांडवात. पानं मोजली. परत मोजली. पन्नास. माणसं मोजायला बोट उचललं आणि बोट तसंच हवेत राहिलं. मग ते बोट माझ्याकडं वळलं.

"हातात काय आहे?"

"कट्यार, सायेब."

"परवाना?"

"लिंबू हाय की टोकाला," मी म्हणालो.

ते त्यानं सोडून दिलं. म्हणाला, "पंगत कुठं आहे?"

आबा म्हणाले, "पंगत मांडलीया, सायेब. बसनारं कोन न्हाई."

"मग तो धूर कसला?"

साहेब रानाकडं निघाला आणि आबा त्याच्यामागं. रान मांडवाला इतकं लागून की बसल्या जागेवरून मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. साहेब पहिल्या आगटीपाशी जाऊन उभा राहिला. सकाळपासून सायकल मारत आलेला. आमच्या चुलीवरचं शिजलेलं त्याच्या घरच्या रीतीनं त्याला चालत नव्हतं, त्या काळी तसंच होतं, त्याला मी बोल लावत नाही. पण हुरड्याला ना चूल ना पाणी, त्याला कुणाचा विटाळ लागत नाही. आणि पारनेरकडचा माणूस हुरड्यावरच वाढलेला असतो. त्याच्या नाकपुड्या फुललेल्या मला मांडवातून दिसल्या.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं. जसं काही ठाऊकच नव्हतं!

आत्यानं खाली बघतच कणीस चोळलं, फुंकर मारली आणि म्हणाली, "हात करा."

हुरड्यापाशी कुणी "हात करा" म्हटलं की हात होतो. त्याला इलाज नाही. साहेबाचा हात झाला. दाणे पडले. त्यानं ते एकदा बघितले आणि तोंडात टाकले.

"तपासणीसाठी," तो म्हणाला.

"व्हय," आत्या म्हणाली. "हात करा."

दुसरी मूठही तपासणीची. तिसऱ्या मुठीला चटणी लावली, कारण चटणीचीही तपासणी नको का? मग साहेब उकिडवा बसला. कोटाचं वरचं बटण सुटलं. मग त्याखालचं. आत्या चोळत होती, साहेब तपासत होता. मधेच त्यानं आत्याला शिकवलं की त्यांच्याकडं हुरड्यावर तीळ कसा घालतात. आत्या म्हणाली, "हितं न्हाई घालत," आणि आणखी एक मूठ दिली. आबा माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात साहेबानं ढेकर दिला. आणि ढेकरासरशी त्याला नोकरी आठवली.

तो उठला. हात झटकले, बटणं लावली, आणि तो पोथीचा आवाज परत आला. "अहो, हे जेवणच आहे. ह्यानं पोट भरतं. मी स्वतः खात्री करून घेतलेली आहे." त्यानं रानाकडं हात फिरवला. "ही माणसं पन्नासांच्या कितीतरी वर आहेत. पंचनामा करावा लागेल. तुम्ही माझ्याबरोबर श्रीगोंद्याला चला."

हलगी थांबली.

"चलतो की," आबा म्हणाले. "अक्षता पडू द्या, मंग चलतो."

"आत्ता चला."

सूर्य कासराभर वर राहिलेला. आबा गेले म्हणजे गोरज गेलं, गोरज गेलं म्हणजे मुहूर्त गेला. आणि ज्याची भीती होती तेच झालं. नवरीचे वडील मांडवातून उठले आणि त्यांच्या गाडीवानाला म्हणाले, "जुप रं गाड्या. म्या आदीच सांगितलं हुतं, माघात वेळेवर न्हाई तर न्हाई." बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले. पैंजण हलले. मी कट्यार घेऊन उभा राहिलो, पण कट्यारीनं कुणाला काय करणार होतो? तिच्या टोकाला लिंबू होतं.

तेव्हा पडद्याआडून आवाज आला. काष्टीच्या बाजारातला तोच आवाज.

"सायेब, पोट कुनाचं भरलं?"

नवरी बोलली! बायांनी तोंडावर पदर घेतले. साहेब जवळ आला आणि पडद्याकडं बघून म्हणाला, "कोण बोलतं?"

"नवरी बोलती. हुरड्यानं पोट भरतं म्हनलात, तर भरलं कुनाचं?"

माणूस चोख, हे मी आधीच सांगितलंय, खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "माझं."

"म्हंजी ह्ये जेवान असंल, तर तुमी जेवलात. मंग त्या पंचनाम्यात जेवनाऱ्यांची नावं लिवताना पयलं कुनाचं लिवनार? का तुमचं शेवटी, पन्नासाच्या भाईर?"

"मी नमुना घेतला," साहेब म्हणाला. कान मात्र तांबडे झाले होते.

"नमुना एक मूठ असतो, सायेब. किती मुठी झाल्या, आत्यास्नी इचारा."

सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या लुगड्याला राख पुसत म्हणाली, "म्या न्हाई मोजल्या. पावन्याच्या मुठी मोजायची रीत न्हाई आमच्यात."

साहेबाला बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि बाहेर आली उचकी. लसणाच्या चटणीची अस्सल उचकी. "नियमा—" उचकी. "नियमाप्रमाणे—" उचकी. आधी एक बाई फिस्सकन हसली. मग आबा. मग जे हसणं सुटलं ते मांडवातून रानात गेलं, आगट्यांवरून पलीकडं गेलं आणि परत आलं. माझे सासरे तोंड घट्ट मिटून उभे होते, पण त्यांचं पोट हलत होतं. आत्यानं साहेबाला पाणी विचारलं नाही, तिला त्याची रीत ठाऊक होती. तिनं उसाचं कांडकं सोलून पुढं केलं. साहेब ते चावत मांडवात आला आणि पन्नास पानांसमोर उभा राहिला. पानांवरचे दगड बघितले. ऊस चावत बराच विचार केला. माणूस चोख होता, त्याला आतल्या आत पटल्याशिवाय तो बोलणार नव्हता. शेवटी चोथा थुंकायला लांब बाहेर गेला, कारण मांडवात थुंकायलाही कुठला तरी नियम असणार, आणि परत येऊन म्हणाला,

"पानं पन्नास. पानावर बसलेले, शून्य. नियम पाळला गेलेला आहे. किंबहुना, जरुरीपेक्षा जास्त पाळला गेलेला आहे." उचकी. "हुरडा हे खाणं आहे. जेवण नव्हे. असं माझं मत झालं आहे."

हलगी अशी कडाडली की बैलांनी जुवासकट उड्या मारल्या. सासरे ओरडले, "सोड रं बैल!" आत्या ओरडली, "अरं, गाई आल्या की!" खरंच गाई परतत होत्या, धुळीचा लोट सोन्यासारखा चमकत होता. आम्हाला पाटावर उभं केलं. अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या, कुंकवात रंगवलेली ज्वारी, गावातल्या प्रत्येक हातात मूठ मूठ. साहेबाच्याही हातात कुणीतरी दिली. तो ते दाणे बघत उभा राहिला. एवढी ज्वारी, एवढ्या मुठी, सगळी जमिनीवर जाणार. धान्याच्या नासाडीचा नियम त्याच्या डोळ्यापुढं आला असणार, कारण त्याचे ओठ मोजल्यासारखे हलायला लागले.

आबा त्याच्या कानाशी वाकले. म्हणाले, "टाका, सायेब. आता मोजू नका."

आणि त्यानं टाकल्या. माझ्या बाशिंगावर टचटच वाजल्या.

पन्नास पानांवर शेवटी वाजंत्री बसले, आणि ज्यांच्या पोटात हुरड्यानंतरही जागा होती ते पैजेचे गडी. पन्नासच बसले बरं का. एक्कावन्नावा उभा राहून त्यांना चिडवत होता.

वरात निघेपर्यंत अंधार पडला. साहेबाला श्रीगोंद्याला परतायचं होतं. तो सायकलीपाशी गेला आणि तिथंच थबकला. सायकलीच्या दिव्यात रॉकेल नव्हतं. त्याच्याही वाट्याचं संपलं होतं! बिनदिव्याच्या सायकलीला दंड किती, हे सगळ्या तालुक्यात त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे टक लावून बघत होतो, हा आता काय करतो. त्यानं सायकल बाभळीपासून काढली, हँडल धरलं, आणि ती ढकलत ढकलत आमच्या गॅसबत्तीच्या उजेडात येऊन वरातीत सामील झाला.

"हातात धरून नेली तर दिवा लागत नाही," त्यानं आबांना मोठ्यानं सांगितलं. "नियम बसणाऱ्याला आहे. चालणाऱ्याला नाही." काय त्याचा चेहरा खुलला होता तेव्हा! आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढं हलगी, मधे गॅसबत्ती, मग साहेब आणि सायकल, आणि त्यामागं गाडीत आम्ही दोघं, अशी वरात वेशीच्या मारुतीकडं निघाली. नाचणाऱ्यांनी साहेबाला मधे घेतलं. तो नाचला असं म्हणणार नाही, पण सायकल नाचत होती.

गाडीत ती माझ्या शेजारी, मान खाली घालून. मला वाटलं, आता ही जन्मभर अशीच मान खाली घालून बसते की काय. तेवढ्यात तिनं मुंडावळ्या बोटानं बाजूला केल्या, पुढं बघितलं आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"अवो, माज्या कोंबडीवानी त्या सायकलीनं दोरीभाईर काय इकलं ते इचारा की सायेबाला."

मी इतका हसलो की लिंबू कट्यारीवरून गळून पडलं, आणि गाडीखाली जाऊन ते शोधणं नवरदेवाला शोभत नाही म्हणून राहूनच गेलं.